चोविसाव्या घरट्याच्या जागेबाबत

प्रति,
मा. अधीक्षक,
किनारा व मोकळ्या जागा संवर्धन विभाग,
दुसरा मजला, जिन्याच्या उजव्या हाताची खोली.

विषय : किनाऱ्यालगतच्या मोकळ्या मैदानात उरलेल्या एका घरट्याची जागा कळविता येत नसल्याबाबत, व सोमवारचे सपाटीकरण चार दिवस पुढे ढकलण्याबाबत.

संदर्भ : १) खुणांच्या रंगांविषयीचे आपले परिपत्रक (पोच म्हणून केलेली सही माझीच आहे).
२) यंत्रचालकास मारहाण व शासकीय कामात अडथळा याबद्दल मला बजावलेली आपली नोटीस.
३) आपल्या मुकादमांनी शुक्रवारी माझ्या दुकानात आणून दिलेला 'नमुना ग' आणि एक झेंडा.

महोदय,

१. मी खाली सही करणार एकतीस वर्षे मटणाचे दुकान चालवितो. गेली सहा वर्षे दर रविवारी सकाळी वरील मैदानावर परिसरातील मुलांचा, आणि घरात करमत नाही अशा काही वडीलधाऱ्यांचा, 'किनारा वर्ग' घेतो. या वर्गाची आपल्याच कार्यालयात नोंद आहे. खाटकाने पक्ष्यांबद्दल शिकवावे यावर नोंदणीच्या दिवशी आपल्या खोलीत बराच हशा पिकला होता, तो मी खिडकीबाहेर उभा राहून ऐकला आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाही. जनावर आतून कसे असते हे मला रोज दिसते, म्हणून ते बाहेरून, चालते-फिरते बघायची हौस आहे, एवढेच माझे शिक्षण.

२. या मैदानावर चिखल्या नावाचा मुठीएवढा पक्षी वाळूत खळगा करून तीन अंडी घालतो. अंडी वाळूच्याच रंगाची असतात. माणसाचा पाय पडतो आणि माणसाला कळतही नाही. म्हणून आमच्या वर्गाने यंदा प्रत्येक घरट्याशेजारी हातभर उंचीची काठी रोवून तिला कापडाची चिंधी बांधली. दोन रविवार हे काम चालले होते. तेवीस घरटी, तेवीस काठ्या. मुलांनी दोरी धरून प्रत्येक काठी घरट्यापासून बरोबर एक वीत अंतरावर रोवली. इतके नेटके काम मी माझ्या दुकानातल्या कामगारांकडूनही कधी करून घेऊ शकलो नाही.

३. चिंध्या लाल होत्या. दुकानातले आमचे सगळे एप्रन लाल असतात, कारण त्यावर डाग दिसत नाहीत. जुने फाडून चिंध्या केल्या. पांढरे कापड वाळूत उठून दिसणार नाही, हा विचारही मीच केला. आपल्या संदर्भ १ मधील परिपत्रकाच्या चौथ्या परिच्छेदात, लाल खूण असलेली जागा प्रथम खणून सपाट करावी आणि पांढरी खूण असलेली वस्तू आहे तशी जागेवर राखावी, असे स्पष्ट लिहिले आहे. ते परिपत्रक मला मिळाले होते. मी पहिला परिच्छेद वाचला, त्यात 'उपरोक्त' तीनदा आले, आणि मी कागद वजनकाट्यामागच्या खिळ्याला लावून टाकला. तो अजून तिथेच आहे. चूक माझी आहे. हे वाक्य आपल्याला फाइलमध्ये अधोरेखित करायचे असल्यास माझी हरकत नाही.

४. दुसरी चूकही माझीच. चार वर्षांपूर्वी वर्गातल्या एका मुलाने घरट्याची जागा घरी सांगितली आणि त्याच्या मामाने अंडी उचलून नेली. तेव्हापासून वर्गाचा नियम आहे की घरट्याची जागा घरी सांगायची नाही, आईलासुद्धा नाही, आणि वहीतही लिहायची नाही. मुले हा नियम शाळेच्या नियमांपेक्षा जास्त पाळतात. आमच्या वर्गातली सर्वांत तीक्ष्ण नजरेची मुलगी नऊ वर्षांची आहे. तेविसातली अकरा घरटी तिने एकटीने शोधली. आपला यंत्रचालक तिचा बाप आहे. बापलेक रोज संध्याकाळी एका ताटात जेवतात. बापाला ठाऊक होते की मंगळवारी किनाऱ्यावर जाऊन लाल झेंडे दिसतील तिथे बुलडोझर घालायचा आहे. मुलीला ठाऊक होते की लाल झेंड्यांशेजारी काय आहे. दोघांपैकी एकानेही तोंड उघडले असते तर पुढचे काहीच घडले नसते. मुलीने नियम पाळला.

५. मंगळवारी सकाळी दहाच्या सुमारास मी दुकानात असताना ही मुलगी धावत आली. तिच्या शाळेतल्या वर्गाच्या खिडकीतून मैदान दिसते. ती धापा टाकत म्हणाली, "काका, बाबांचं मशीन झेंड्यांवरून चाललंय." महोदय, यातला 'बाबांचं' हा शब्द मी नीट ऐकला होता. हे मुद्दाम लिहितो, कारण पुढे मी जे केले ते न कळून केले असे कोणी माझ्या बाजूने म्हणू नये.

६. मी मैदानावर पोचलो तेव्हा सतरा झेंडे गेले होते. यंत्र घाईत नव्हते. एका झेंड्याशी थांबायचे, पाते टेकवायचे, ढकलायचे, मागे यायचे, चाकांवरच्या लोखंडी साखळीने दाबून काढायचे आणि पुढचा झेंडा. आम्हीच त्याची वाट आखून दिली होती. पात्याच्या कडेला बलक लागून त्यावर वाळू चिकटली होती. काही अंड्यांत पिल्ले पूर्ण झालेली होती, ती कवचासकट चिरडली होती, आणि एकाचा पाय हलत होता. चिखल्याला संकट दिसले की तो पंख मोडल्याचे सोंग करून जमिनीवरून फरफटत जातो, म्हणजे शत्रू अंडी सोडून त्याच्यामागे लागतो. कुत्रा लागतो, माणूसही लागतो. बुलडोझर लागत नाही. एक मादी यंत्रासमोर असे सोंग करीत होती. ती साखळीखाली आली आणि पुढच्या फेऱ्यात तिचा वाळूला चिकटलेला एक पंख खरोखर मोडलेला मी पाहिला. मी आयुष्यात हजारो जनावरे कापली आहेत, पण एकाच घावात, नजर त्याच्यावर ठेवून. न बघता मारणे मी पहिल्यांदा बघितले, आणि माझे डोके फिरले.

७. सुरा मी दुकानातल्या ओंडक्यावर ठेवून निघालो होतो, ही एकच गोष्ट माझ्या बाजूने नोंदवावी. हातात हाडे फोडायची लाकडी मोगरी होती. तिने मी यंत्राच्या खिडकीची काच फोडली, चालकाला कॉलर धरून खाली ओढले, तोंडावर दोनदा मारले (दोन दात), आणि तो साखळीच्या कडेवर पडल्यावर त्याचा उजवा हात त्या कडेवर आडवा धरून कोपराच्या वर गुडघा दिला. सांधा कुठे सोडवायचा आणि हाड कुठे तुटते हे मला माहीत असल्याने ते एकाच दाबात तुटले. नोटिशीत 'झटापटीत दुखापत' असे लिहिले आहे. झटापट झाली नाही. तो माणूस हात जोडत होता, आणि मी त्याच जोडलेल्या हातांपैकी एक धरला. मग मागून आवाज आला, "काका, ते बाबा आहेत माझे." ती माझ्यामागे धावत आली होती आणि तिने सगळे पाहिले होते. मोगरी माझ्या हातातून तेव्हा सुटली.

८. उरलेले सहा झेंडे, मी पोलीस चौकीत असताना, आपल्या मुकादमांनी दुसरा चालक बोलावून दुपारी दोनपर्यंत पूर्ण केले. पंचनामा त्यानंतर झाला. त्यात 'अंडी : आढळली नाहीत' असे म्हटले आहे, ते बरोबरच आहे. जागा कशासाठी सपाट केली या रकान्यात 'निसर्ग परिचय केंद्राचे वाहनतळ' असे आहे. पक्षी बघायला येणाऱ्यांच्या गाड्या कुठे लावायच्या हा प्रश्न मिटला. ते आल्यावर बघणार काय, हे मी नम्रपणे विचारून ठेवतो, उत्तराची घाई नाही.

९. गुरुवारी मी इस्पितळात चालकाला भेटलो. आपल्या नोटिशीत मला तसे करण्यास मनाई आहे हे मला ठाऊक होते. तो मला बघून उठून बसायला लागला, मीच त्याला पडून राहा म्हटले. तुटलेल्या दातांतून तो म्हणाला, "मला खूप बरं वाटलं होतं हो सकाळी. इतके सरळ झेंडे कोणीच लावत नाही. म्हटलं, आज काम लवकर आटपेल." आणि थोड्या वेळाने, "दोन रविवार पोरगी वाळूनं भरून यायची. विचारलं की म्हणायची, काकांनी सांगू नका म्हटलंय." मी त्याच्या पलंगाची कड धरून उभा राहिलो. मला रडू आले हे येथे नोंदवितो, कारण तो रडला नाही.

१०. माझ्या पत्नीने त्या संध्याकाळी मला जेवण वाढले आणि म्हणाली, "दुकानात तुम्ही माणूस असता. खाटीक बाहेर झालात." शिक्षेबाबत माझे म्हणणे एवढेच की ती कमी करू नये. हा अर्ज त्यासाठी नाही.

११. हा अर्ज चोविसाव्या घरट्यासाठी आहे. वर्गाच्या वहीत चालकाच्या मुलीच्या अक्षरात नोंद आहे : 'चोविसावे. तीन अंडी पूर्ण. चिंधी संपली.' त्या रविवारी एप्रनचे कापड संपले होते, म्हणून या एका घरट्याशेजारी काठी नाही आणि म्हणूनच ते वाचले. नोंदीला उद्या तीन आठवडे होतात. अंडी पंचवीस दिवसांत फुटतात, म्हणजे येत्या गुरुवारी. बाहेर आलेली पिल्ले दोन-चार तासांत स्वतःच्या पायांनी चालू लागतात. त्यानंतर मैदान आपलेच आहे. आपले यंत्र उरलेल्या भागात सोमवारी सकाळी येणार आहे. मला सोमवार, मंगळवार, बुधवार आणि गुरुवार हवे आहेत. यापेक्षा जास्त काही मागितलेले नाही.

१२. शुक्रवारी आपले मुकादम दुकानात आले. ते भले गृहस्थ आहेत, चहा घेतला नाही. त्यांनी 'नमुना ग' दिला. त्यात घरट्याची जागा नकाशावर दाखवून प्रत्यक्ष जागी विभागाने मान्य केलेला झेंडा लावावा, तरच संरक्षणाचा विचार होईल, असे आहे. विभागाने मान्य केलेला संरक्षणाचा झेंडा पांढरा असतो. पांढरे झेंडे साठ्यात शिल्लक नाहीत, मागणी नोंदविली आहे, तोपर्यंत तात्पुरता म्हणून त्यांनी मला लाल झेंडा दिला. ते म्हणाले, "अहो, आम्ही तोंडी सांगू ना चालकाला, हा लाल पांढरा समजायचा." माझे हात शिवशिवले. मी ते एप्रनच्या खिशात घातले आणि मुकादम जाईपर्यंत बाहेर काढले नाहीत. झेंडा सोबत परत करीत आहे.

१३. आता जागा न कळविण्याचे खरे कारण. मी हट्टाने दडवून ठेवली आहे असा मुकादमांचा समज झाला आहे. तसे नाही. ती जागा मला माहीत नाही. नियमाप्रमाणे ती वहीत नाही. ती फक्त त्या मुलीला माहीत आहे, आणि ती मुलगी मंगळवारपासून माझ्याशी बोललेली नाही. दुकानासमोरून शाळेत जाते ती आता पलीकडच्या फुटपाथने जाते. मी तिला हाक मारत नाही. ज्या माणसाने तिच्या बापाचा हात मोडला त्याला तिने घरटे का दाखवावे?

१४. मात्र काल इस्पितळात तिने ती जागा बापाला सांगितली. चार वर्षांत वर्गातल्या कोणी माझा नियम मोडल्याचा मला आनंद झाला अशी ही पहिलीच वेळ. चालक आज दुपारी प्लास्टरमधला हात गळ्यात अडकवून दुकानात आला आणि म्हणाला, "जागा मी तुम्हाला सांगणार नाही. पोरीनं तसं सांगितलंय. पण तुम्ही यायचं, असंही तिनंच सांगितलंय." एवढे बोलून तो बाकावर बसून राहिला. त्याने नेहमीचे मटण मागितले, मी बांधून दिले.

१५. तरी सोमवारी आपले यंत्र मैदानावर येईल तेव्हा त्याला तिथे तीन माणसे उभी दिसतील : चालक, त्याची मुलगी आणि मी. आम्ही घरट्यावर उभे राहणार नाही, कारण माणूस जवळ असेल तर पक्षी अंड्यांवर बसत नाही. आम्ही मुलगी सांगेल तिथे, यंत्राच्या वाटेवर असू, आणि घरटे आमच्या मागे कुठेतरी असेल. तिघांच्याही अंगात पांढरे कपडे असतील. एकतीस वर्षांत मी पांढरे कापड अंगाला लावलेले नाही, पत्नीने शोधून काढले आहे. आपल्या परिपत्रकाच्या चौथ्या परिच्छेदानुसार पांढरी खूण असलेली वस्तू आहे तशी जागेवर राखावयाची आहे, हे आपल्या नव्या चालकास लेखी कळविण्याची कृपा करावी.

१६. माझ्याबद्दल त्या चालकाने भीती बाळगू नये. मी स्वतःला ओळखले आहे, यंत्र पुढे सरकले की माझे हात काय करतील याची मला आता खात्री नाही. म्हणून मी ते मागे बांधून घेणार आहे. बांधायचे काम मुलीच्या बापाने कबूल केले आहे. त्याला एकाच हाताने जमेल तेवढे तो पट्टी गुंडाळील. गाठ मुलगी मारणार आहे.

नम्र राहण्याची खटपट करणारा,
(सही)
मटणाच्या दुकानाचा चालक,
किनारा वर्गाचा प्रमुख.

दिनांक : आज, शनिवार, कार्यालय बंद होण्याच्या आत.

सोबत :
१) वर्गाच्या वहीतील चोविसाव्या नोंदीची प्रत. जागेचा रकाना कोरा आहे, तो तसाच ठेवावा.
२) 'नमुना ग', न भरलेला.
३) लाल झेंडा, एक.
४) परिपत्रक, खिळ्याच्या भोकासह. आता पूर्ण वाचलेले.