आयसीयूचा अनुभव

तीर्थरूप आबा,
बीडहून उज्ज्वलाचा नमस्कार. मी बरी हाय, मेसचं जेवण बी बरं हाय.

नर्सिंगची शेवटची परीक्षा झाली, म्हणून नोकरीसाठी बायोडाटा लिहायला बसले. मैत्रीण सुनिता म्हणाली, "आयसीयूत काम केलंय असं लिही. समदेच लिहितात."

माझा हातच चालेना. खरं समजून पेशंटजवळ मला एकटीला उभं केलं तर? लई भ्याव वाटलं. लिहिलं न्हाई.

मुलाखतीत मेट्रनबाईंनी विचारलं, "आयसीयूचा अनुभव?"

"न्हाई मॅडम. नुसतं बघितलंय."

त्या म्हणाल्या, "सोमवारपासून ये. आधी माझ्या शेजारी उभी राहून शीक."

नोकरी लागली, आबा. तरी भ्याव जाईना.

शेळी व्याली का? आईला नोकरीचं तेवढं सांगा.

तुमची,
उज्ज्वला