दिलीपभाऊंचे मंगळवार

४ नोव्हें., मंगळवार
व्हिडिओवाली खोली सुरू झाली, पण आजही कोणी नाही. आमच्या सौंसरच्या दवाखान्यात इंजेक्शनला रांग लागते, अन् या दारावरून लोक मान खाली घालून जातात. नावच पडलंय, 'पागलवाली खोली'. दर मंगळवारी मी स्क्रीन लावून बसते. तिकडं इंदूरच्या मनाच्या डॉक्टर मॅडम, इकडं मी. दोघी समोरासमोर चहा पितो. आज म्हणाल्या, "सिस्टर, कोई नहीं है तो आप ही कुछ सुनाइए." संत्र्याच्या तोडणीचं सांगत बसले.

११ नोव्हें., मंगळवार
आलं कोणी तरी! दिलीपभाऊ. पांढुर्ण्याच्या दवाखान्याची अ‍ॅम्ब्युलन्स चालवतात, घर तिगावला. पेशंट घेऊन आमच्याकडं थांबले की एकेका सिस्टरची फिरकी घेतल्याशिवाय जात नाहीत. आज बसने आले. साधे कपडे, तोंडाला रुमाल.
म्हटलं, "भाऊ, अशी खोली तिकडंही आहे ना?"
"तिकडं सारे ओळखते मले. इथं या खोलीत तुमी एकट्याच."
दिवाळीपासून धड झोप नाही म्हणे. पण मॅडमसमोर बसले अन् एकदम ताठ. "सब बढ़िया है मॅडम, थोड़ा नींद का प्रॉब्लेम." लगेच उठलेही.
मॅडम नंतर म्हणाल्या, पुढच्या वेळी तुम्ही सोबत बसा. त्यांना चालत असेल तरच.

१४, शुक्र.
रेखावहिनींचा फोन. दिलीपभाऊंच्या मिसेस. रडून राहिल्या होत्या. गाडीची चावी हातात घेतली की यांना घाम फुटतो, म्हणून सुट्टीवरच आहेत म्हणे. काल जेवता जेवता म्हणाले, "मी नसलो तं तुमचं बरं होईन."
हातातला ट्रे खालीच ठेवला. लगेच मॅडमना फोन. मॅडम म्हणाल्या, मंगळवारची वाट पाहायची नाही, उद्याच आणा. वहिनींना सांगितलं, एकटं सोडू नका, त्यांच्या भावाला बोलवून घ्या. "ताई, रागावतीन ते." रागावू द्या म्हटलं.

१५, शनि.
आले. वहिनी बाहेर बाकावर. भाऊ मला म्हणाले, तुमी बी बसा.
मॅडमनी सरळ विचारलं, मरून जावंसं वाटतं का? मीच दचकले. असं तोंडावर विचारतात? भाऊ मात्र दचकले नाहीत. "हाँ" म्हणाले. पुढं हिंदीत काही सुचेना. मग माझ्याकडं वळून, "ताई, हिंदीत बोललो का ड्यूटीवर असल्यावानी वाटते. खरं तोंडातून निघत नाही."
मॅडम म्हणाल्या, "तो मराठी में बोलिए. मुझे जल्दी नहीं है."
बोलले. दिवाळीआधीची गोष्ट. तापानं फणफणलेली लहान पोरगी, छिंदवाड्याला न्यायची होती. आमच्या गेटवर ऑक्सिजनचा सिलेंडर बदलला तेव्हा मी ड्यूटीवर होते, पोरगी आठवते. पायात चांदीचे वाळे. पुढं काय झालं ते मला आज कळलं. रामाकोन्याच्या पुढं घाटात तिची माय मागच्या खिडकीतून विचारून राहिली होती, "भाऊ, पोचू ना?" हे म्हणाले, "पोचलोच ताई." तीनदा विचारलं तिनं, तीनदा हेच. शेवटी तिनं विचारणं बंद केलं. पोरगी घाटातच गेली होती.
"तवापासून मले ती बंद झालेली खिडकीच ऐकू येते."
बाकीचं मी मॅडमना हिंदीत सांगत गेले, हे शेवटचं मात्र जमेना. मॅडम म्हणाल्या, "रहने दीजिए, मैं समझ गई." मराठी कळते की काय त्यांना! नाही कळत. पण कळलं.
मग मॅडमनी भाऊंना एकच विचारलं. तुम्ही तिला 'माहीत नाही' म्हणाला असता, तर गाडी वेगळी चालवली असती?
भाऊ: "नाही. तशीच चालवली असती. जेवढी पळते तेवढी."
अन् रडले. मोठ्यानं. दार बंद होतं तरी बाहेर गेला असेल आवाज. जाऊ दे.

१८, मंगळ.
औषध सुरू. वहिनींनी गोळ्या स्वतःजवळ ठेवल्यात, मॅडमनी तसंच सांगितलं. भाऊ आज कमी बोलले. मध्येच नेट गेलं, स्क्रीनवर मॅडमचा अर्धा चेहरा. भाऊ म्हणाले, "आमची गाडी बी अशीच मधातच बंद पडे." किती दिवसांनी फिरकी घेतली माणसानं!

२५, मंगळ.
मॅडमनी काम दिलं होतं. उभ्या गाडीत बसायचं, चावी न लावता. बसले. पण तिथंच पांढुर्ण्याच्या दुसऱ्या ड्रायव्हरनं पाहिलं अन् खोदून खोदून विचारलं. भाऊंनी सांगून टाकलं. आता पस्तावून राहिलेत. "साऱ्या स्टाफमध्ये झालं ताई. पागल म्हणतीन." मलाही धडकी. आता यायचे बंद होतील का...

२ डिसें., मंगळ.
आले. सोबत तोच दुसरा ड्रायव्हर! मला वाटलं, सोडायला आला असेल. भाऊ आत गेल्यावर माझ्याजवळ येऊन हळूच म्हणतो, "सिस्टर, मॅडम एकालेच पाहते का दोघायले बी?"
कार्ड काढून दिलं. नाव सांगताना इकडंतिकडं पाहत होता.
भाऊंनी बस स्टँडपर्यंत गाडी नेली म्हणे. रिकामी. घाटाचं नाव काढलं की अजून बोलणं तुटतं.

९ डिसें., मंगळ.
पांढुर्ण्याच्या दवाखान्याच्या साहेबांना आज उत्तर पाहिजे. दिलीपभाऊ कामावर येणार की दुसरा माणूस घ्यायचा? मॅडमनी स्पष्ट सांगितलं, आज त्यांच्याशी बोलल्याशिवाय मी काहीच लिहून देणार नाही.
वेळ झाली, भाऊ नाहीत. वहिनींना फोन लावला. हळू आवाजात बोलून राहिल्या.
"ताई, निघाचं म्हणून आंघोळ केली, अन् उन्हात खाटेवर जरासे टेकले तं झोपलेच. घोरून राहिले. तो आवाज मी विसरलीच होती." मग, "उठवू का?"
स्क्रीनवर मॅडम पाहत होत्या. त्यांना सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. साहेबांचा फोन टेबलावर वाजून राहिला होता.
"नका उठवू," मी म्हटलं. मॅडमना न विचारताच. त्यांनी होकाराची मान हलवली.
साहेबांना काय सांगायचं, ते मात्र अजून ठरलं नाही.