आज वेणी घालू नकोस

आई,

मी कामावर निघालोय, तुझा डोळा लागला होता म्हणून उठवलं नाही. आज दवाखान्यातली ताई येईल. ती बाळाला नाही, बाळाच्या आईला बघायला येते.

दर वेळी ती यायच्या आधी तू हिची वेणी घालतेस, धुतलेला गाऊन चढवतेस, खोली लख्ख करतेस. ताईनं हिला काही विचारलं की उत्तर तूच देतेस, "सगळं छान आहे हो!" घराला कुणी नावं ठेवू नयेत म्हणून करतेस, कळतं मला. पण ताई बिचारी तेच खरं मानून चहा पिऊन जाते.

आज काही आवरू नकोस. केस तसेच राहू देत. ताई येईपर्यंत हिच्याजवळून हलू नकोस. ती आली की बाळाला घेऊन बाहेर जिन्यात बस. रडण्याचा आवाज आला तरी आत जाऊ नकोस. मी दुपारी येतोच.

रागावू नकोस गं. काल बाळ तुझ्या मांडीवर हसत होतं, तेव्हा ही मला हळूच म्हणाली, "त्याला आई आहे. आता मी नसले तरी चालेल."