हाकेला ओ द्यायची नाही

१४ ऑक्टोबर, दुपार

वरच्या गावाचा रस्ता काल रात्रीच्या दरडीने बंद. बस नाही. किती दिवस, कुणालाच ठाऊक नाही. ऐकून मला वाईट वाटलं. आधी क्षणभर बरं वाटलं होतं, पण ते धक्क्यामुळे असणार.

दिवोताचा फोन. एप्रिलमध्ये तिची मावशी वारली, तेव्हापासून माझी बायको वर कास्तान्येत्तोत मावशीचं वाटसरूंचं मुक्कामघर चालवतेय. डोंगर चढून आलेल्यांना सूप वाढायचं, त्यांचे ओले मोजे वाळत घालायचे, सकाळी रवाना करायचं. सीझनपुरतंच, असं ठरलं होतं. आता म्हणते, मेयरबाईंना तीन वर्षांचा करार हवाय, बारमाही, आणि सर्व संतांच्या सणाआधी, म्हणजे महिनाअखेरपर्यंत, उत्तर द्यायचंय. मी म्हटलं, मग नाही सांगून टाक. ती म्हणाली, तू एकदा वर ये, चार दिवस राहा, मी काय करते ते बघ, मग दोघं मिळून ठरवू. मी म्हटलं, रस्ता बंद आहे. ती म्हणाली, पायवाट उघडी आहे, सत्तरीच्या बायका चढून येतात, सावेरिऊ.

हे टोमणे मला आवडत नाहीत. पण जाणार. समुद्रापासून थेट तिच्या दारापर्यंत दगडादगडावर नारिंगी खुणा रंगवल्यात, पोरसुद्धा जाईल. लोकांना चार तास लागतात. मला तीन पुरतील.

१५ ऑक्टोबर

खरेदी. नवे बूट, चालायच्या दोन काठ्या, नारिंगी जाकीट. जाकीट शिकाऱ्यांसाठी. रानडुकरांचा मोसम आहे, आणि बारवाला तोमा आपली टोळी घेऊन रोज त्याच वाटेवर असतो. त्याला जाकीट दाखवलं. म्हणाला, झक्कास, पण आम्ही रंग बघत नाही, आवाजावर गोळी घालतो. मग पोट धरून हसला. विनोद होता की माहिती, ते मात्र सांगितलं नाही.

बूट आधी घरात वापरून सैल करायला हवेत. स्वयंपाकघर ते बाल्कनी, बाल्कनी ते स्वयंपाकघर. चढ नाही, एवढाच दोष.

१८ ऑक्टोबर

सराव चालू. टाच दुखते. उद्या निघणार होतो, पण टाच.

सकाळी वाटेच्या तोंडाशी एक बेल्जियन बाई भेटली. एकटी. केस पांढरेशुभ्र, पाठीवर बोचकं. तिने मला मुक्कामघराची वाट विचारली. मी सगळं समजावलं: ओढा कुठे, कडा कुठे, कुठे डावीकडे बघायचं नाही. चेस्टनट वाळवायची दगडी खोपी लागली की निम्मी वाट झाली, हेही सांगितलं. ती म्हणाली, तुम्ही नेहमी जात असाल. मी म्हटलं, तसं म्हणायला हरकत नाही. (वाट मला नकाशावर तोंडपाठ आहे.) तिला जपून जा म्हटलं. ती शीळ घालत गेली. अशा लोकांना धोक्याची जाण नसते.

२० ऑक्टोबर

निघालो! पहाटेच निघणार होतो, पण पहाटे अंधार असतो.

सुरुवात उत्तम. समुद्र पाठीशी, दोन्ही बाजूंना झुडपं, हवेत रानझुडपांचा उग्र वास. तिसऱ्या नारिंगी खुणेपाशी गाय. मोकाट. वाटेच्या मधोमध. तिच्याकडे बघितलं, तिने माझ्याकडे बघितलं. मी घाबरलो नाही. मी विचार केला. तिला शिंगं होती, मला नव्हती, एका बाजूला उतार होता. अशा वेळी अनुभवी माणूस मागे फिरतो.

घरी येऊन नोंद केली: पहिला टप्पा यशस्वी. गायीने माझ्या मागे दोन पावलं टाकली होती, हे तोमाला सांगायचं नाही.

२१ ऑक्टोबर

तोमाला कळलंय. गाय त्याच्या मेहुणीची. नाव जॉयिया, वय वीस, दात नाहीत.

शेजारच्या फियोरामावशीने मात्र माझी बाजू घेतली. म्हणाली, गायीचं सोड रे सावेऱ्या, तू धुक्याला भी. या दिवसांत मेलेली माणसं डोंगरावर हिंडत असतात. धुक्यात कुणी नावाने हाक मारली तर ओ द्यायची नाही. ती माणसं आपल्या जिवाभावाच्या माणसाचा आवाज उसना घेऊन येतात. ओ दिलीस की वर्षाच्या आत तुझा कारभार आटोपला. त्यांनी काही खायला दिलं तर शिवायचंही नाही. तिच्या दिराने अशीच ओ दिली होती, वर्ष भरायच्या आत गेला. मी वय विचारलं. एक्याण्णव होता म्हणे.

मी सुशिक्षित माणूस. तीस वर्षं बंदरावर कस्टममध्ये काढली. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. दिवा चालू ठेवून झोपतोय, तो डासांसाठी.

२५ ऑक्टोबर

दिवोताचा फोन. आवाज एकदम मऊ. ती बेल्जियन बाई तिच्याकडे दोन दिवस राहून गेली, आणि माझं तोंडभर कौतुक केलं म्हणे: तुमचे यजमान वाटेचा दगडन्‌दगड ओळखतात. दिवोता म्हणाली, म्हणजे तू खरंच तयारी करतोयस? मला वाटलं होतं, नुसत्या बाता. मग म्हणाली, मला करार करायचाय असं नाही रे, पण दर वेळी मीच एकटीने खाली यायचं, याचाही कंटाळा आलाय. तू ये. तू आलास तर कदाचित मी परत तुझ्याबरोबर खालीही येईन.

मी म्हटलं, एकोणतीसला. हवामान चांगलं आहे.

फोन ठेवल्यावर हवामानाचा अंदाज आणखी तीनदा बघितला. आनंदाने.

२८ ऑक्टोबर

उद्या. बोचकं भरलं. टॉर्च, रेनकोट, मलम, सॉसेज, पाव, शिट्टी, दुसरी शिट्टी. ही डायरीपण. मृत्युपत्र टेबलावर ठेवलं, तो केवळ व्यवस्थितपणा.

२९ ऑक्टोबर, खोपीत

गुडघ्यावर डायरी ठेवून लिहितोय म्हणून अक्षर असं.

गाय नव्हती. ओढा ओलांडला. कड्यावरून डावीकडे न बघता, रांगत का होईना, पण पार झालो. निम्मी वाट! आजवर पायी एवढ्या वर कधी आलो नव्हतो. दिवोताला काय सांगायचं ते मनात जुळवत होतो, तेवढ्यात वरून धुकं उतरलं. दूध सांडावं तसं. पुढची नारिंगी खूण दिसेना. मागचीही दिसेना.

खोपीत शिरलो, आतून अडसर लावला. काठ्या बाहेर राहिल्या. आणायला जाणार नाही.

बाहेर काहीतरी चालतंय. एकच प्राणी. डुक्कर? डुकराला एवढी सावकाश चालायची काय गरज?

हाक आली. सावेरिऊ.

देवा. सावेरिऊ. माझं नाव. दिवोताच्या आवाजात. हुबेहूब. शेवटी आवाज जरा चढतो, तसासुद्धा. फियोरामावशी म्हणाली होती तेच. जिवाभावाच्या माणसाचा आवाज.

ओ दिली नाही. तोंडात मफलर कोंबलाय.

जवळ आली. आता दारापाशी. दार ठोठावलं, हलकेच, दिवोता बाथरूमचं ठोठावते तसं. म्हणाली, सावेरिऊ, आहेस ना आत? घाबरू नकोस, मी आहे. घाबरू नकोस असं जिवंत माणूस म्हणत नाही. माझी बायको तर नाहीच नाही.

रडू येतंय. आवाज इतका गोड आहे. दार उघडावंसं वाटतंय. हीच त्यांची युक्ती.

नंतर

खूप पावलं. पुरुषांचे आवाज, कुजबुज, कुत्र्याच्या धापा. मेलेल्यांची फौज. डोक्यावर पोतं ओढून घेतलं. येत होत्या त्या सगळ्या प्रार्थना म्हटल्या, येत नव्हत्या त्याही म्हटल्या. मग सगळं शांत.

३० ऑक्टोबर, घरी

जिवंत! काल दुपार टळता टळता धुकं विरळ झालं, तसा बाहेर आलो आणि खाली पळालो. उंबऱ्यावर थर्मास ठेवलेला होता. लाल झाकणाचा, आमच्या घरच्यासारखा, झाकणावरचा टवकासुद्धा त्याच जागी. काय नक्कल करतात! आत सूप असणार. कांद्याचा वास येत होता. मी शहाणा, हात लावला नाही.

फियोरामावशीला सगळं सांगितलं. तिने कपाळाला हात लावला. मी समजलो, माझ्या धैर्याला दाद.

दिवोताला तीन फोन केले. उचलत नाही. वर रेंज नसते.

१ नोव्हेंबर

सर्व संतांचा सण. फोन उचलत नाही. मुक्कामघरात गर्दी असेल. वसंतात नक्की जायचं, तोवर बूटही सैल होतील.

फियोरामावशी सकाळपासून माझ्याशी बोलत नाही. मी नमस्कार केला तर म्हणाली, मी मेलेल्यांबद्दल सांगितलं होतं रे, बायकोबद्दल नाही. म्हातारपणी काहीही बडबडते.

२ नोव्हेंबर

मेलेल्यांसाठी खिडकीत पाणी आणि पाव ठेवायचा दिवस. ठेवला. मग बारमध्ये गेलो, तिथे माणसं असतात.

तोमाने मला कोपऱ्यात नेलं. म्हणाला, एकोणतीसला आम्ही डुकराच्या मागावर होतो, धुक्यात खोपीपाशी दिवोता भेटली. बाहेरच्या दगडावर बसली होती. नवरा येतोय, धुक्यात चुकेल, म्हणून सकाळीच वरून निघाली होती, वाटभर हाका मारत. दाराशी काठ्या दिसल्या, लेबल अजून लटकत असलेल्या, तेव्हा तिला कळलं तू आत आहेस.

मी म्हटलं, मला वाटलं की... तोमा म्हणाला, ऐक आधी. मी दारावर लाथ घालणार होतो. तिने माझी बाही धरली. म्हणाली, नको रे, तुमच्या आवाजाने तो आणखी घाबरेल. मग थोडा वेळ बसली. सूप दारात ठेवलं आणि वर निघून गेली. परवा मेयरबाईंकडे करारावर सही करून आली.

तोमा हसला नाही. माझ्यावर तोमा हसला नाही, अशी ही पहिलीच वेळ. त्याने स्वतःहून मला ग्लास भरून दिला, त्याचीच मला सगळ्यांत जास्त भीती वाटली.

४ नोव्हेंबर

दोन दिवस काही लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही नव्हतं.

मला तिचा आवाज ओळखू आला होता. हे इथे लिहायला हरकत नाही, वाचणारं कोणी नाही.

रेडिओवर सांगितलं, दरड काढली. उद्या बस.

५ नोव्हेंबर, सकाळ

लख्ख ऊन. धुकं नाही. मी इस्त्रीचा शर्ट घालून वेळेआधी स्टॉपवर. रस्त्याला नवा कठडा आहे, वाटेत गाय आली तर हॉर्न आहे, भिण्यासारखं काहीच नाही.

बस आली. ड्रायव्हरने दार उघडून विचारलं, वर का? मी हो म्हटलं. पाय उचलेना. पाचावर धारण बसली, सरळ लिहितो. ती दार उघडेल, बस म्हणेल, सूप वाढेल, आणि मग विचारेल, तुला ऐकू आलं होतं ना? पुढे काय बोलायचं ते रात्रभर जुळवलं, एक वाक्य जुळलं नाही.

ड्रायव्हर म्हणाला, काका, चढताय की नाही? मी म्हटलं, आज फार गर्दी आहे, उद्या बघतो. त्याने मागे वळून बघितलं. बसमध्ये कुणीच नव्हतं.