सुनेच्या माघारी पाजलेलं कॅल्शियम

३ डिसें.
सुनंदा बचत गटाच्या मीटिंगला गेली तेवढ्यात आजही गौरी गाईला कॅल्शियम पाजलं. बाटली कडब्याच्या गंजीत लपवली. व्यायच्या आधी दूध काढणं थांबवून गाय आटवल्यापासून सूनबाईनं औषध बंद केलंय. म्हणे रहिमतपूरच्या गुरांच्या डॉक्टरांनी सांगितलं, व्यायच्या आधी नको. मी चौथीच शिकलो, पण जन्म गोठ्यात गेला. पोटात वासरू, आणि औषध तोडायचं? चिकटपणा, दुसरं काय. डेअरीवर दूध घालताना शामरावला तसं बोललोच. पोरगा पलटणीत, त्याच्या जिवाला घोर नको म्हणून त्याला मात्र कळवलं नाही.

११ डिसें.
गौरी व्याली. कालवड. वासरामागून वारही वेळेत पडली. चीक भरपूर, सुनंदानं खरवसासाठी गल्लीत वाटला. मनात म्हटलं, माझ्या बाटल्यांचा गुण.

१२ डिसें.
सकाळी गौरी उठेना. मान वळवून कुशीला लावलेली. कान गार. हाक मारली तरी डोळा हलवेना. 
डॉक्टर आले. ‘आटवल्यावर कॅल्शियम दिलं होतं का?’
‘न्हाई सर. तुमी सांगितल्यापासनं एक थेंब न्हाई.’
मी शेपटीकडं उभा. 
मानेच्या शिरेतून कॅल्शियमची बाटली चढवली, सावकाश. गौरी थरथरली, ढेकर दिली, मग शेण टाकून उठली. तेवढ्यात शामराव आला. ‘काय गं सुनंदा, चिकटपणानं औषध तोडल्यावर गाय बसंल न्हाईतर काय नाचंल? आबा सांगत हुतं मला.’
सुनंदानं माझ्याकडं बघितलं. मी दाव्याची गाठ चाचपत बसलो.

१३ डिसें.
दुपारी गौरी परत बसली. सुनंदा तिचं डोकं मांडीवर घेऊन. ‘आबा, खरंच द्यायला पायजे हुतं का वो? डॉक्टरचं ऐकून मीच हिला घालवली का?’
राहवलं नाही. डॉक्टर आल्यावर दोघांपुढं सांगितलं. गंजीतल्या रिकाम्या बाटल्या आणून ठेवल्या. चांगल्या टोपलीभर.
डॉक्टर रागावले असते तर बरं वाटलं असतं. शांतपणे म्हणाले, गळ्यात बारीक ग्रंथी असतात. हाडातलं कॅल्शियम रक्तात आणायचं काम त्यांचं. तुम्ही वरून पाजत राहिलात, त्यांना कामच उरलं नाही. व्याल्यावर दुधाला एकदम लागलं, तेव्हा ग्रंथी वेळेवर जाग्या झाल्या नाहीत.
परत बाटली चढवली. संध्याकाळी गौरी उठली.
सुनंदा एवढंच बोलली, ‘म्हंजी मी चिकट न्हवं.’


१४ डिसें.
पोट बिघडल्याचं निमित्त केलं. डेअरीला गेलो नाही.

१५ डिसें.
गौरी चारा खाते. डॉक्टर म्हणतात, एवढ्यात भरवसा धरू नका. सकाळी सुनंदानं म्हशीच्या दुधाची किटली पुढ्यात ठेवली. ‘जावा आबा. जितं बोललासा, तितंच सांगा.’
गेलो. रांगेत सगळे ओळखीचे. शामराव म्हणाला, ‘उठली व्हय गाय? सुनंनं हात सैल सोडला वाटतं शेवटाला!’ सगळे हसले.
म्हटलं, ‘न्हाई गड्या. तिचं काय न्हाई. औषध मी...’
‘आवं म्हातारं, सरका की म्होरं! दूध नासंल!’ मागून कोणीतरी ओरडलं. मी सरकलो. दूध मापून झालं. शामराव फाटकातून बाहेर पडत होता. हाक मारायची होती, पण मी किटलीचं झाकण घट्ट बसवत राहिलो.
घरी आलो. सुनंदानं माझं तोंड बघितलं. किटली विसळली, आणि उद्यासाठी माझ्याच खाटेशेजारी आणून ठेवली.