तुमच्या दारचा पिवळा दिवा

गुरुजी, तुमच्या दारचा सोडियमचा दिवा मी माझ्या हातानं उतरवला. ठेकेदाराची दोन माणसं सोबत होती. एक जण म्हणाला, "मॅडम, आप काहे को चढ़ रहे हो, हम उतारते ना." मी म्हटलं, "तुम शिडी पकडो." वरून तुमचं अंगण दिसत होतं, कवेलूचं छप्पर दिसत होतं, ओसरीत हार घातलेला तुमचा फोटो दिसत होता. दिव्याची काच मेलेल्या किड्यांनी अर्धी भरली होती. मी तो खाली आणला, पोत्यात कोंबला आणि पोत्याचं तोंड असं आवळून बांधलं की जणू आत काही जिवंत आहे. त्या दिवशी गोंदियाला परत येताना जीपमध्ये मी गाणं गुणगुणत होते, हे माझ्या ड्रायव्हरनं मला दुसऱ्या दिवशी सांगितलं.

तुम्हाला मी आठवत नसेन म्हणून सांगते. केशोरीच्या पुढं आपलं गाव, आणि गावाच्या शेवटी, नाल्याच्या अलीकडं, आमचा बौद्ध मोहल्ला. बाबा बाहेरगावी कामाला असत, घरी मी आणि आई. तेव्हा गावात देवळापाशी एक साधा बल्ब होता, पंचायतीवर ट्यूबलाइट होती, आणि मग तो एक सोडियमचा दिवा आला. तो आमच्या मोहल्ल्याच्या वळणासाठी मंजूर झाला होता, हे आमच्याकडं सगळ्यांना ठाऊक होतं. पण सरपंच तुमचे भाऊ. खांब उभा राहिला तो तुमच्या फाटकाशी. आमच्या बाजूला कोणी काही बोललं नाही. आमच्या बाजूला बोलायची तेव्हा सवय नव्हती.

रोवण्याच्या दिवसांत आई दुसऱ्यांच्या बांधीत, चिखलात भाताची रोपं लावायला जायची आणि अंधार पडल्यावर परतायची. मी तुमच्या दिव्याखाली, रस्त्याच्या कडेच्या दगडावर बसून तिची वाट पाहायचे. ती आली की आम्ही दोघी मिळून पुढचा अंधाराचा रस्ता पार करायचो. ती पुढं काठी आपटत, मी मागं तिचा पदर धरून. दिवा लागताना आधी लालसर व्हायचा, मग हळूहळू पिवळा, आणि त्या पिवळ्यात जगातले सगळे रंग मरून जायचे. आईचं निळं लुगडं काळं दिसायचं. म्हणून नववीच्या वर्गात तुम्ही विचारलंत, "पिवळ्या उजेडात निळं कापड कसं दिसेल?" तेव्हा मी हात वर केला. "काळं." तुम्ही पुस्तक खाली ठेवलंत. "हे कुठं वाचलं?" "वाचलं नाही गुरुजी, तुमच्या दारच्या दिव्याखाली पाहिलं." तुम्ही माझ्याकडं बघून म्हणालात, "शाबास. याला निरीक्षण म्हणतात." मला आयुष्यात पहिल्यांदा कोणी शाबास म्हटलं, तर ते तुम्ही. तुम्ही वाईट शिक्षक असता तर बरं झालं असतं, गुरुजी. मग तुमचा राग करणं इतकं कष्टाचं नसतं.

त्याच संध्याकाळी तुम्ही फाटक उघडून बाहेर आलात. वर्गातला आवाज घरी ठेवून आला होतात. "काऊन बसतं वं इथं रोज?" मी सांगितलं, आईची वाट पाहते. "दिवा तुया बापानं लावला का? मोहल्ल्यात जाऊन बस. आमच्या दारात तुमची बसाउठ नाही पाहिजे." मागं दारात तुमच्या घरच्या, मास्तरीणबाई, उभ्या होत्या. मी उठले. दगड अजून दिवसाच्या उन्हानं गरम होता, हे का आठवतं ते माहीत नाही. मी पुढं जाऊन वळणावर, पुलियाच्या कठड्यापाशी, अंधारात थांबले.

आई आली. दिव्याखाली मी नाही, हे तिनं लांबूनच पाहिलं आणि तिच्या मनात नको ते आलं. ती धावतच सुटली. काठी आपटायची राहिली. मी ओरडले, "मी इथं आहो, आई!" आणि ती माझ्याकडं वळली ती रस्ता सोडून, गवतातून. घोणस होती. मी तिच्यापासून वीस पावलांवर होते आणि मला काही दिसलं नाही, फक्त तिचं "अगं माय" ऐकू आलं. बैलगाडी, मग कोणाचा तरी ट्रॅक्टर, मग गोंदियाचा दवाखाना. आई वाचली. डाव्या पायाची बोटं आणि पुढचा तळवा कापावा लागला. तिनं पुन्हा कधी रोवणा केला नाही. तुम्ही एकदाही विचारायला आला नाहीत. शाळेत माझ्या बाकाकडं पाहायचं तेवढं सोडलंत.

तुम्ही गेलात तेव्हा मी डिप्लोमाच्या वसतिगृहात होते. बातमी कळली त्या दिवशी मी पोटभर जेवले, वर भात मागून घेतला. पण नंतर मला तुमच्या मरणाचा राग येऊ लागला. तुम्ही जिवंत असायला हवं होतं. मी आता गोंदियाजवळ कुडव्याला राहते आणि गावोगावच्या रस्त्यांवर सौर दिवे बसवण्याचं काम पाहते. खांब कुठं उभा राहील ते माझ्या कागदावर ठरतं. आपल्या गावाचं नाव यादीत आलं, तेव्हा ग्रामसभेत मी तासभर बोलले. सोडियमचा दिवा चारी बाजूंना आणि वर आभाळातही उजेड सांडतो, एलईडीचा उजेड सरळ रस्त्यावर पडतो. तो सत्तर वॉट खाऊन जे दाखवत नाही ते हा वीस वॉटांत दाखवतो. लाइन गेली की तो मरतो, हा दिवसभर भरलेल्या बॅटरीवर चालतो. अंधार पडला की आपोआप लागतो, उजाडलं की विझतो. "आणि यात रंग खरे दिसतात," मी म्हटलं. "लाल ते लाल, निळं ते निळं. गवतात पडलेला साप साप दिसतो." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी तुमच्या भावाच्या मुलाकडं पाहत होते.

पहिला खांब मी आमच्या वळणावर रोवला. दुसरा, तिसरा, चौथा मोहल्ल्यात. तुमच्या फाटकासमोर एकही नाही. कागदावर लिहिलं, "आंब्याच्या झाडाची सावली, पॅनलवर ऊन पडत नाही, जागा अयोग्य." सावली खोटी नव्हती. पण दहा पावलं अलीकडं लख्ख ऊन होतं, आणि ते मी मोजलं होतं.

जुना दिवा उतरवून मी पोतं बांधत होते, तेव्हा मास्तरीणबाई काठी टेकत बाहेर आल्या. मोतीबिंदू काढलेले डोळे, जाड चष्मा. "बाई, हा नेऊन राहिली, तं नवा कधी लावता?" मी म्हटलं, "तुमच्या दारी नाही बसत. झाडाची सावली आहे." "मंग आमी अंधारात राहाचं का?" मी म्हटलं, "झाड तोडलं तर पाहता येईल." हे मी वाकडं हसून म्हटलं. ते झाड तुम्ही लावलेलं, गावात त्याला गुरुजीचा आंबा म्हणतात, हे मला ठाऊक होतं. मास्तरीणबाई एकदा झाडाकडं पाहून आत गेल्या.

आईला हे सांगितलं तर ती खूश होईल असं मला वाटलं होतं. ती पाय पसरून तांदूळ निवडत होती. म्हणाली, "तुयावाला गुरुजी मेला. रस्ता काय मेला का? तिथून मीबी जातो ना दुकानात." मी म्हटलं, "तुझ्या पायासाठी केलं." ती म्हणाली, "माह्या पायानं तुले सांगतलं का?" आणि सूप घेऊन तांदूळ पाखडायला लागली.

पंधरा दिवसांनी मास्तरीणबाईंचा फोन आला. "बाई, तोडलं. आता लावशीन का?" मी गेले. आंब्याचा बुंधा रस्त्याच्या कडेला पांढरा पडला होता, फांद्यांवरचा मोहर वाळून मातीत मिसळला होता. मी खांब उभा केला. जिथं झाड होतं तिथं नाही; दहा पावलं अलीकडं, जिथं तो झाड न तोडताही उभा राहिला असता. कोणी विचारलं नाही. संध्याकाळी दिवा लागला, पांढरा, एकदम. मास्तरीणबाई फाटकात येऊन उभ्या राहिल्या, स्वतःच्या हिरव्या लुगड्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "तू त्या पाय गेलेल्या बाईची पोरगी ना? मी पहिल्याच दिवशी ओळखली तुले. त्यायनं तुले उठवलं तवा मी दारात होती. काहीच बोलली नाही." मी पाना, पक्कड पेटीत भरत राहिले. "चहा घेतं का?" त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "उशीर होते," आणि जीपमध्ये बसले.

हे पत्र मी कुठं टाकणार? तुमच्या घरच्या पत्त्यावर टाकलं तर मास्तरीणबाईच वाचतील, आणि दहा पावलांची गोष्ट त्यांना कळेल. ती कळू नये, एवढ्यासाठी हे कपाटात राहील. तुमच्याबद्दल मला अजूनही दया वाटत नाही, गुरुजी, ते बदललेलं नाही. पण तो बुंधा पाहिला तेव्हा आधी मला आनंदच झाला होता, चांगला घसघशीत, पोटभर जेवल्यासारखा. तो आनंद जीप आमगावच्या फाट्याला पोचेपर्यंतही टिकला नाही, हे मी आईलाही सांगितलेलं नाही.