तुझ्याकडे उरलेला एकच शब्द

बाबा,

आज दुपारी वॉर्डात एका म्हाताऱ्यानं जेवणाचं ताट सरकवलं आणि म्हणाला, "नाय." मी पाठमोरा उभा राहून इंजेक्शन भरत होतो. हात तसाच थांबला. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी मी वळून पाहिलं ते तुझ्या खिडकीजवळच्या खाटेकडे. तिथे कुणी दुसराच झोपला होता, चादर डोक्यावरून ओढून. हे असं अधूनमधून होतं. पनवेलला उरणकडचे, खाडीकाठचे पेशंट खूप येतात आणि त्यांच्या सगळ्यांच्या तोंडी तुझंच 'नाय' असतं. इतक्या वर्षांत सवय व्हायला हवी होती, पण झालेली नाही. मग घरी येऊन मी तुझ्याशी बोलत बसतो, मनातल्या मनात. आज म्हटलं, लिहून पाहू.

नर्सिंगला जातो म्हणालो तो दिवस तुला आठवतो का? आई चुलीपुढे बोंबील साफ करत होती. तू बंदरावरून नुकता आला होतास, अंगाला डिझेलचा वास. "नर्स?" तू म्हणालास. "ते बायकांचं काम. आमी सगळे दर्यावर गेलो, न् तू लोकांची ढुंगनं धुनार?" आई म्हणाली, "पोरगा शिकतोय, शिकू दे की." तू बाहेर गेलास आणि त्यानंतर या विषयावर माझ्याशी कधी बोललाच नाहीस. हॉस्टेलवर एकदा शेजारचा काका सुकवलेल्या सोड्यांची पिशवी घेऊन आला. आईनं पाठवलेत, म्हणाला. सुट्टीत घरी आल्यावर आईला विचारलं, तर ती म्हणते, "मी नाय दिले. तुझ्या बापानंच दिले असतील." मी तुला विचारलं नाही. आपल्यात विचारायची पद्धतच नव्हती.

मग तू करंजा बंदरावर मासळीच्या लिलावात पडलास. भाव ओरडता ओरडता तोंडातून शब्द फुटेना आणि उजवी बाजू गेली. तुला आणलं ते मी काम करतो त्याच हॉस्पिटलात, माझ्याच वॉर्डात. जीव वाचला, पण बोलणं गेलं. राहिला एकच शब्द. पाणी हवं का, नाय. दुखतंय का, नाय. आई समोर रडायला लागली, तिचा हात डाव्या हातानं धरून ठेवलास आणि म्हणालास, "नाय, नाय." एवढ्या मोठ्या बोटीचा तांडेल तू, सगळे खलाशी तुझ्या हुकमात, वादळात तुझा आवाज या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचा, आणि आता हो म्हणायलासुद्धा नाय.

गिळता येतं का ते तपासून झालं होतं. मऊ भात, पातळ खिचडी जात होती. पण तू खाईनास. ताट आलं की डाव्या हातानं ढकलायचास. शेवटी नाकातून नळी घातली. ती तू ओढून काढलीस. पुन्हा घातली, पुन्हा काढलीस, आणि सिस्टरच्या हातावर फटका मारलास. मग बँडेजच्या पट्टीनं तुझा हात खाटेच्या दांड्याला बांधला. तासाभरानं बघतो तर गाठ सुटलेली आणि नळी बाहेर. बांधलेल्या हाताच्याच बोटांनी ती कशी सोडवलीस, ते कुणाला कळलं नाही. मला कळलं, जन्मभर दोरखंडाच्या गाठी मारणारी-सोडणारी बोटं ती. मी ड्यूटीवर होतो, युनिफॉर्ममध्ये, आणि माझ्या बापाला पुन्हा बांधायचं काम माझ्याकडे आलं होतं.

कॉलेजात आम्हाला एक मॅडम शिकवायच्या. डॉक्टर आजाराकडे बघतो, आपण वागण्याकडे बघायचं, हे त्यांचं पालुपद. माणसाचं वागणं म्हणजे एक आख्खी व्यवस्था, तिचे सात भाग. कुणाशी जवळीक ठेवतो, कुणावर विसंबतो, काय करून दाखवावंसं वाटतं, असे ते भाग. एक बिघडला की दुसऱ्यावर ताण येतो. राग हासुद्धा त्यातला एक, आणि तो समोरच्याला मारायला नसतो, स्वतःला राखायला असतो. आणि खाणं म्हणजे नुसतं पोट भरणं नव्हे, त्या म्हणायच्या. माणूस केव्हा खातो, कुणाबरोबर खातो, कुणाच्या आधी आणि कुणाच्या नंतर, ते बघा. मी ते पाठ करून मार्क मिळवले होते. आता हातात पट्टी घेऊन तुझ्यासमोर उभा होतो, आणि तू माझ्याकडे बघत नव्हतास. तू शेजारच्या खाटेकडे बघत होतास.

तिथे तळोज्याच्या केमिकल कंपनीतला एक कामगार होता, डावा हात भाजलेला. तो वैतागून म्हणाला, "ब्रदर, तुमच्या वडलांना जरा सांगा ना. मी जेवायला बसलो की माझ्या ताटात टक लावून बघतात. घास उतरत नाही."

"फक्त तुमच्याच?"

"सगळ्यांच्या. त्या कोपऱ्यातल्या आजोबांच्यासुद्धा."

मला एकदम तुझी बोट आठवली. शाळेच्या सुट्टीत तू मला एकदाच समुद्रावर नेलं होतंस. मी उलट्या करून अर्धमेला झालो होतो. भात शिजला, खलाशी जेवायला बसले आणि तू सुकाणूजवळ उभा राहून एकेकाच्या ताटात बघत होतास. सगळ्यांचं झालं. मला दोन घास भरवलेस. मग टोपात उरलेलं घेऊन बसलास. आणि इथे आम्ही सिरियस पेशंट म्हणून सगळ्यात आधी तुझ्यापुढे ताट ठेवत होतो.

इन्चार्ज सिस्टरना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "ब्रदर, थिअरी परीक्षेत लिहायची असते. नळी नाही टाकली तर उद्या शुगर खाली येईल, सोडियम बिघडेल. मग?"

"आज एक दिवस द्या. नाही जेवले तर नळी मीच टाकतो."

त्यांनी घड्याळात बघितलं. मग म्हणाल्या, "संध्याकाळपर्यंत."

दुपारी तुझं ताट मी बाजूला झाकून ठेवलं. वॉर्ड जेवला. तू उशीवरून मान वळवत एकेकाकडे बघत होतास. त्या कामगाराला मी सांगून ठेवलं होतं. तो मुकाट्यानं जेवला आणि रिकामं ताट तुला दिसेल असं धरलं. मग मी आईनं पाठवलेला डबा उघडून तुझ्या खाटेशी स्टुलावर बसलो आणि जेवलो. युनिफॉर्ममध्येच. एक शीतही ठेवलं नाही. तू माझ्या तोंडाकडे बघत होतास. डबा रिकामा झाला आणि तू हळूच तोंड उघडलंस.

मी भरवत गेलो, तू खात गेलास. डोळ्यांतून पाणी येत होतं, तुझ्या की माझ्या ते आता सांगता येत नाही. सिस्टर दारात येऊन उभ्या राहिल्या आणि परत गेल्या. नळी पुन्हा लागली नाही. तू घरी गेलास, अंगणात बसायला लागलास आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या झटक्यात गेलास. हल्ली मी नवीन मुलांना शिकवतो. सातही भाग सांगतो, तुझी गोष्टही सांगतो, पेशंट कोण होता ते न सांगता. मुलं भारावून ऐकतात. शब्दावर जाऊ नका, मी त्यांना म्हणतो, डोळे बघा, हात बघा.

पण एक गोष्ट मी कुणाला सांगत नाही. तुला घरी सोडायचं त्या सकाळी मी तुझं अंग पुसलं, मागून पुढून, सगळं धुतलं, जे धुण्याबद्दल तू बोलला होतास तेही. आणि सदरा चढवताना विचारलं, "बाबा, मी नर्स झालो याचा राग हाय का अजून?"

तू म्हणालास, "नाय."

तुझ्याकडे तेवढाच शब्द होता. तुझा चेहरा बघितला असता तर कळलं असतं. मी मान खाली घालून सदऱ्याचं बटण लावत होतो, आणि ते लावून झाल्यावरही मी मान वर केली नाही.